खरवड

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंय. तुमच्या गौरव अंकात, पान बावीसवर, हारतुऱ्याच्या फोटोखाली. 'एका खेड्यातल्या पाचवीच्या मुलीने भर वर्गात स्वतःच्या आईची चोरी सांगितली, आणि त्या माउलीने डोळे पुसत माझे पाय धरले.' माझे डोळे त्या दिवशी कोरडे होते. पाय तर मी धरलेच नाहीत. मी वाकले ती तुमच्या बुटांपाशी सांडलेलं पाणी पुसायला. ती माउली मी. लंका सोपान खुपसे. शिरसवाडीच्या शाळेत सहा वर्षं खिचडी शिजवली. अंक आमच्या गावच्या वाचनालयात फुकट आला. तिथं मी झाडलोट करते आणि येईल ते वाचते. तुम्हाला वाटलं असेल, ह्या बाईपर्यंत कशाला जातोय आपला अंक.

आता झालं ते झालं तसं सांगते.

खिचडीची शेड पाचवीच्या वर्गाला लागून होती. मधे गजाची खिडकी. माझी शाळा चौथीला सुटली. पुढचं जे काही शिकले ते त्या खिडकीतून, पातेल्यात पळी फिरवता फिरवता. तुम्ही तपासणीला येणार असा निरोप तीन आठवडे आधी आला आणि पाचवीच्या खंडागळे गुरुजींची भूकच गेली. गुरुजी भला माणूस. पोरांवर हात उगारलेला मी कधी बघितला नाही. पण वरून कोणी येणार म्हटलं की त्यांचा आवाज बारीक व्हायचा. तुमच्याविषयी सगळीकडं बोललं जायचं की हे साहेब नुसत्या वह्या चाळून जात नाहीत, स्वतः खडू हातात घेतात, आणि दर शाळेत एकच गोष्ट शिकवतात. राखणदाराची.

मग गुरुजींनी ती गोष्ट तीन आठवडे घोटून घेतली. फळ्यावर रेघा मारून घरं पाडली. सुरुवात, पेच, कळस, शेवट. आणि खाली रंगीत खडूनं चौकट काढून, तात्पर्य. सुरुवातीच्या घरात धोंडी राखणदार, जमीनदाराची आमराई वीस वर्षं राखतो, एक आंबा कधी तोंडात घातला नाही. पेचाच्या घरात दुष्काळ, आणि धोंडीचा पोरगा भुकेपायी एक आंबा तोडतो. कळसाच्या घरात धोंडी त्याचं मनगट धरून त्याला जमीनदारापुढं नेऊन उभा करतो. शेवटाच्या घरात जमीनदाराला गहिवरून येतं, तो पोराला माफ करतो आणि साऱ्या गावासमोर धोंडीला पागोटं बांधतो. चौकटीत लिहिलेलं, 'खरेपणापुढे नाते मोठे नसते.' पोरं एका सुरात म्हणायची. मी डाळ धुता धुता म्हणायची. मलाही आवडायची ती गोष्ट, खोटं कशाला सांगू.

माझी रेश्मा त्याच वर्गात. हुशार होती म्हणून सांगत नाही, आपली पोरं सगळ्याच आयांना हुशार वाटतात. पण तिला प्रश्न फार पडायचे. मी भाकरी थापत होते आणि ती चुलीपुढं बसून ती चार घरं म्हणून दाखवत होती. मधेच थांबली आणि म्हणाली, धोंडी वीस वर्षं राबत होता तर त्याच्या पोराला जेवायला का नव्हतं? मी म्हटलं, पुस्तकात आहे तेवढं बोल. साहेब विचारतील तेव्हा घाबरायचं नाही, खरं ते सांगायचं, मोठ्यानं सांगायचं. हे मी शिकवलं तिला. माझ्या वाट्याचं मी कबूल करते. तुमच्यासारखं झाकत नाही.

खरवड काय असते ते तुम्हाला ठाऊक नसेल, तुमच्या घरचं पातेलं तुम्ही कधी घासलं नसणार. दोनशे पोरांची खिचडी चुलीवर करायची म्हटलं की जाळ कमीजास्त होतोच, आणि तळाला बोटभर थर धरतो. करपलेला, कडक. पोरं ती खात नाहीत. माझ्या आधीची बाई ती उलथन्यानं खरवडून शाळेमागं टाकायची, तिथं कुत्र्यांची भांडणं लागायची. मी टाकली नाही. डब्यात भरून घरी न्यायला लागले. सासूला दात नव्हते. ती खरवड ताकात भिजत घालायची, वर मीठ आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि बोटं चाटून खायची. आम्हीही खायचो. नवऱ्याला बांधकामावर कधी काम असायचं, कधी नसायचं. गावात सगळ्यांना माहीत होतं. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, येता-जाता म्हणायचे, लंकाबाई, आज जरा जास्त लागली वाटतं खाली, म्हातारीची चैन आहे. मीही हसायची.

तुम्ही आलात त्या दिवशी मला सकाळी सातलाच बोलावलं. चुली दोन पेटवल्या. एकीवर पोरांची खिचडी, दुसरीवर तुमच्यासाठी मसालेभात. काजू मोठ्या गुरुजींनी दुकानातून आणले. तांदूळ निवडायला मला हात कमी पडत होता, म्हणून रेश्माला संगं घेतलं होतं. धुतलेला गणवेश, दोन वेण्या, लाल रिबिनी. सूप मांडीवर घेऊन खडे वेचता वेचता ती राखणदाराचीच गोष्ट म्हणत होती.

अकराला तुमची जीप आली. साडेअकराला मला सांगितलं, पाचवीच्या वर्गात पाणी घेऊन जा. ताटात सहा पेले मांडून मी दारात उभी राहिले आणि तिथंच थबकले, कारण तुम्ही बोलत होता. चांगलं बोलता तुम्ही, हे मान्य करायला पाहिजे. पोरं तोंड उघडं टाकून ऐकत होती. तुम्ही सुरुवात विचारली, पेच विचारला, कळस विचारला. सगळे हात वर. खंडागळे गुरुजी भिंतीला टेकून उभे होते, त्यांच्या कपाळावरचा घाम वाळायला लागला होता. मग तात्पर्य विचारलंत. सगळा वर्ग एका सुरात ओरडला. आणि तुम्ही हसलात, खडू टेबलावर ठेवलात.

"हे पाठांतर झालं. ही गोष्ट मी तीस वर्षं शिकवतोय, मला पाठांतर चालत नाही. तात्पर्य आपल्या घरात लावून दाखवा."

गुरुजींनी एवढं घोटून घेतलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, का बघितलं कोण जाणे. बाळू शिंदे नावाचा एक पोरगा उठला आणि म्हणाला, माझा दादा वर्गात कॉपी करतो ते मी बाईंना सांगितलं. पोरं हसली. तुम्ही हात हलवलात.

"हे सोपं झालं. धोंडीनं पोटचा पोरगा पुढं केला. तुमच्यात कोणाची आहे एवढी छाती?"

आणि माझी रेश्मा उभी राहिली.

"माझी आहे, साहेब."

"शाब्बास. बोल."

"माझी आई शाळेतली खरवड डब्यात भरून घरी नेते. रोज नेते. आम्ही सगळे खातो."

चाळीस पोरांची डोकी दाराकडं वळली. माझ्या हातातलं ताट कलंडलं, एक पेला घरंगळत जाऊन तुमच्या बुटाशी थांबला. तुम्ही बुटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ही तुझी आई?"

"हो."

"खरं आहे का बाई?"

खोटं बोलता आलं असतं. म्हणता आलं असतं, पोर आहे, गोष्टीच्या नादात काहीबाही बोलली. गुरुजींनी मान डोलावली असती, तुम्हीही सोडून दिलं असतं. पण मी रेश्माकडं बघितलं. ती घाबरलेली नव्हती. तिचं तोंड उजळलं होतं. त्या तोंडावर काय होतं ते मला तिथल्या तिथं कळलं, आणि तुम्हाला तीस वर्षं शिकवूनही कळलं नाही. पोर चौथ्या घराची वाट बघत होती. गोष्टीत खरं सांगितलं की जमीनदाराला गहिवरून येतं, माफी मिळते, पागोटं मिळतं. तिनं मला पकडून दिलं नव्हतं. तिला माझा सत्कार करायचा होता.

"खरं आहे," मी म्हणाले.

"किती दिवस चाललंय?"

"सहा वर्षं."

"बघा साहेब," रेश्मा घाईनं म्हणाली, "माझी आईपण खरं बोलली."

तेवढ्यात मी वाकले आणि पदरानं फरशी पुसायला लागले. हेच ते पाय धरणं. वरून टाळ्यांचा आवाज येत होता. तुम्ही खिशातलं पेन काढून रेश्माच्या खिशाला लावलंत आणि पोरांना म्हणालात, ही आजची धोंडी.

मग तुम्ही जेवायला बसलात. मोठ्या गुरुजींच्या खोलीत, टेबलावर पेपर अंथरून. वाढायला मीच. दुसरी कोण होती? तुम्ही जेवता जेवता मोठ्या गुरुजींना हळू आवाजात सांगितलं की शिल्लक अन्न घरी नेणं नियमात बसत नाही, ह्या बाईला उद्यापासून बंद करा, नाहीतर मला अहवालात घ्यावं लागेल. मी तुमच्या पाठीमागं भाताची पळी घेऊन उभी होते. तुम्हाला ते माहीत नव्हतं असं म्हणू या. मोठे गुरुजी एकदाही म्हणाले नाहीत की साहेब, हे आम्हाला सहा वर्षं माहीत आहे. त्यांनी फक्त मान हलवली. मग तुम्ही ताट पुढं केलंत, भात फर्मास झालाय म्हणालात, आणखी वाढायला सांगितलंत. मी वाढला. निघताना मोठ्या गुरुजींनी बांधून दिलेलं सगळं सामान जीपमध्ये गेलं, नारळ, शाल, सगळं. नेऊन द्यायला पोरं हाताशी होतीच. तुमची धोंडी, माझी रेश्मा, त्यात पुढं होती.

घरी जाताना ती माझ्यापुढं उड्या मारत चालली होती. पेन दर दहा पावलांना खिशातून काढून बघायची. ओढ्यापाशी थांबली आणि विचारलं, आई, तुला काय दिलं साहेबांनी? मी म्हटलं, सुट्टी दिली. तिला ते खरं वाटलं. दोन दिवस वाटलं. तिसऱ्या दिवशी खिडकीच्या गजातून तिला माझ्या जागी दुसरी बाई पातेल्यात पळी फिरवताना दिसली. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं दप्तर खाली ठेवलं नाही. पाठीवर घेऊनच भिंतीशी बसून राहिली. मी विचारलं, भूक लागली का? तर म्हणाली, आज शाळेत खाल्लं नाही. पुढं तिनं शाळेची खिचडी कधीच खाल्ली नाही.

मी तिला एक शब्द बोलले नाही. सासू बोलली, नवरा बोलला, आत्याबाई लांबून बोलायला आल्या. पोरीच्या जिभेला हाड नाही म्हणे. मी म्हटलं, तिनं खरं सांगितलं, मी ते मान्य केलं, विषय संपला. मी विटांच्या भट्टीवर कामाला जायला लागले. मला वाटत होतं, विषय खरंच संपला.

मग सहामाही परीक्षा झाली. आणि एका रविवारी दुपारी खंडागळे गुरुजी आमच्या दारात आले. आमच्या घरी गुरुजी कधी आले नव्हते. बसायला पोतं टाकलं तर बसेनात. पिशवीतून रेश्माचा मराठीचा पेपर काढला, इकडंतिकडं बघून माझ्या हातात दिला. म्हणाले, शेवटचं पान वाचा. प्रश्न होता, राखणदाराच्या गोष्टीचं तात्पर्य उदाहरणासह लिहा. सहा गुण. पोरीनं लिहिलं होतं ते इतकी वर्षं माझ्या ट्रंकेत होतं, त्यावरूनच उतरवते.

'तात्पर्य, खरेपणापुढे नाते मोठे नसते. उदाहरण एक. माझी आई शाळेतली खरवड घरी नेत होती. ते मी सांगितले. आईला काढून टाकले. उदाहरण दोन. साहेब आले तेव्हा मसालेभात मुलांच्या पोत्यातल्या तांदळाचा केला. तेल आणि डाळपण आमचीच होती. तांदूळ मी निवडला. त्यातला डबा भरून साहेबांच्या गाडीत ठेवला. डबा मी नेला, तो गरम होता. हे पण खरे आहे. पण साहेबांना कोणी काढून टाकले नाही, कारण हे कोणी सांगितले नाही. म्हणून मी सांगत आहे.'

पहिल्या उदाहरणाशेजारी तांबड्या शाईत तीन गुण होते. दुसऱ्या उदाहरणावर वरपासून खालपर्यंत तिरपी रेघ.

मला ते सगळं माहीत होतं, साहेब. पोत्याचं तोंड मीच सोडलं होतं. डबा मीच भरला होता, वर काजू येतील असा. पण मला ती चोरी वाटली नव्हती. वरचा माणूस आला की असं करायचंच असतं, एवढंच डोक्यात होतं. खरवड मात्र तुम्ही चोरी ठरवलीत आणि मी लगेच मान खाली घातली. दहा वर्षांच्या पोरीनं दोन डबे शेजारी शेजारी ठेवून बघितले. मी कधी ठेवलेच नव्हते.

गुरुजी हळूच म्हणाले, "पोरीला समजावा, लंकाबाई. पेपर तपासणीला वर जातात. हे पान कुणाच्या हाती लागलं तर मोठ्या गुरुजींचं आणि माझं काही खरं नाही. चुलीत घाला. मी तिला दुसऱ्या पेपरवर पूर्ण गुण देतो."

"ह्यातलं खोटं काय आहे, गुरुजी?"

"खोटं एकही नाही."

"मग रेघ कशाची?"

"विषय सोडून लिहिलंय तिनं."

"विषय काय होता?"

त्यांनी पाणी मागितलं. मी आणायला उठले तर रेश्मा दारातच होती. शेजारच्या पोरींबरोबर खेळता खेळता आलेली, पायाला धूळ. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिनं पेपर माझ्या हातातून घेतला, रेघेवरून बोट फिरवलं. रडली नाही. गुरुजींनाही विचारलं नाही. मला विचारलं.

"आई, दोन्ही खरं आहे ना? मग गुण एकालाच कसे?"

गुरुजी दाराबाहेरच्या लिंबाकडं बघत होते. आई मी होते, उत्तर मीच द्यायला पाहिजे होतं. घरात खरं सांगायला मीच शिकवलं होतं, मोठ्यानं सांगायला मीच शिकवलं होतं. माझ्या तोंडातून एवढंच आलं, तू लिहीत जाऊ नको बाई असलं. गाइडात असतं ते लिही.

तिनं ऐकलं. तेच माझं सगळ्यात मोठं पाप. त्या दिवसापासून पोर गाइडातलं लिहीत गेली. दहावीला पहिला वर्ग, बारावीला पहिला वर्ग. वर्गात पुन्हा कधी उभी राहिली नाही. भाकरी थापताना चुलीपुढं येऊन बसायची, पण प्रश्न विचारायची नाही. मी वाट बघायची. आता लातूरला एका दवाखान्यात रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, नीट करते म्हणून तिचं तिथं कौतुक आहे. मागच्या महिन्यात आली तेव्हा मी तिला तुमचं पान बावीस दाखवलं. मनात होतं, चिडेल, शिव्या देईल, निदान अंक फेकेल. तिनं शांतपणे वाचलं. घडी घालून परत दिलं आणि म्हणाली, छान लिहिलंय. आणि भांडी घासायला उठली.

तेव्हा मी ठरवलं, हे लिहायचं.

साहेब, तुम्ही आता रिटायर झालात. अहवाल नाही, जीप नाही, मोठे गुरुजीही गेले, खंडागळे गुरुजींनाही आता कोणाचं भय नाही. तुमचं काही जात नाही. त्याच पानावर तुम्ही लिहिलंय की ह्या एका गोष्टीनं तुम्ही पिढ्या घडवल्या. घडवल्यात, मी एक घडलेली बघितली. माझी नोकरी परत मागत नाही, माफी तर मुळीच नको. पोरीचा पेपर ह्याच्यासोबत जोडलाय, रेघेसकट. तिनं मला विचारलेलं मी तुम्हाला विचारते, कारण तात्पर्य तुमचं होतं, डबा तुमच्या गाडीत गेला आणि गुणांची वाटणीही तुमचीच. दोन्ही उदाहरणं खरी होती. एकालाच गुण का? मला नका सांगू. रेश्मा सोपान खुपसे, लातूर, पूर्ण पत्ता मागच्या बाजूला आहे. तिला लिहून कळवा.